आमच्या घराच्या तीन पायऱ्या

मुलांच्या संगोपनावर मासिकांतून जे लेख येतात ते आम्ही पुष्कळ वर्षें आवडीनें वाचीत आलों आहों. मूल रडूं लागलें तर त्यास उचलून खांद्यावर घ्यावें, संध्याकाळीं त्याचें बोट धरून टेकडीवर न्यावें, शाळेच्या समारंभास आईबापांनीं अगत्य हजर राहावें, असा उपदेश त्यांत असतो व तो योग्यच असतो. मात्र हे लेख लिहिणारांच्या डोळ्यांपुढें जे आईबाप असतात ते हातापायांनीं धडधाकट असतात. ज्या बापास नुसतें उभें राहण्यासाठींच दोन्ही हात गुंतवावे लागतात त्यानें रडणारें मूल कसें उचलावें, हा प्रश्न त्या लेखांत कोठें आढळत नाहीं. आमच्या घरीं तो गेलीं नऊ वर्षें आहे. त्याचीं जीं लहानमोठीं उत्तरें आम्हांस सांपडलीं तीं, आणि जीं अद्याप सांपडलीं नाहींत तींहि, वाचकांपुढें ठेवावीं अशा हेतूनें हा लेख लिहीत आहों.

प्रथम आमची ओळख थोडक्यांत करून देणें अवश्य आहे. सातारा जिल्ह्यांतील एका लहान गांवीं १९८२ सालीं, आम्ही दीड वर्षाचे असतांना, आम्हांस पोलिओ झाला. कांहीं दिवस ताप येऊन गेला आणि तो उतरला तेव्हां डावा पाय सर्वस्वीं व उजवा गुडघ्याखालीं लुळा पडला होता. डाव्या पायास मांडीपासून टांचेपर्यंत लोखंडी पट्ट्यांचें कॅलिपर, दोन्ही काखांत कुबड्या आणि लांबच्या जाण्यायेण्यास चाकाची खुर्ची, असा आमचा सरंजाम आहे. पुण्यास एका कचेरींत आम्ही हिशेबनिसाचें काम करितों. घरांत मातोश्री, थोरले बंधु, वहिनी, त्यांचीं दोन मुलें, आमची पत्नी व नऊ वर्षांचा चिरंजीव मिळून आठ माणसें आहोंत.

पोलिओचें नांव तरुण वाचकांस आतां लस पाजण्याच्या रविवारापुरतेंच ठाऊक असेल. १९९५ पासून देशभर पल्स पोलिओची मोहीम चालली. १३ जानेवारी २०११ रोजीं पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यांत नैसर्गिक पोलिओचा शेवटचा रुग्ण सांपडला. आणि २७ मार्च २०१४ रोजीं जागतिक आरोग्य संघटनेनें भारतासह सारा आग्नेय आशियाचा विभाग पोलिओमुक्त झाल्याचें जाहीर केलें. आमच्यासारख्यांची पिढी आतां शेवटचीच, आणि ती शेवटचीच असावी याहून आनंदाची गोष्ट नाहीं. तथापि पोलिओ गेला म्हणून अपंग आईबाप संपले असें नव्हे. रस्त्यावरील अपघात, पाठीच्या कण्यास झालेली इजा, मधुमेहामुळें कापावा लागलेला पाय, ऐन तारुण्यांत जडलेला संधिवात, हीं कारणें अजून आहेत व तीं कोणत्याहि घराचें दार ठोठावूं शकतात. म्हणून हा विषय दुसऱ्या कोणाचा आहे असें वाचकांनीं मानूं नये.

आमचें लग्न ठरतेवेळीं मुलीकडील एका वडीलधाऱ्या गृहस्थांनीं, "मुलांनाहि असेंच होईल का?" असें विचारलें होतें. प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून आम्हांस राग आला नाहीं. पोलिओ हा विषाणूपासून होणारा रोग आहे. तो बापाकडून मुलाकडे वारशानें जात नाहीं. हें त्यांना डॉक्टरांनीं समजावून सांगितलें आणि गोष्ट तेथें मिटली. परंतु मुलाची आशा आहे असें कळल्यावर जो दुसरा प्रश्न निघाला तो कोणी मोठ्यानें विचारला नाहीं, आणि म्हणून त्याचें उत्तर देण्याचीहि सोय नव्हती. तो प्रश्न असा, कीं ह्या गृहस्थास बाप होणें जमेल काय?

आमच्या वाटेंत जो पहिला अडथळा आला तो पायऱ्यांचा नव्हता. घरच्या मायेचाच होता. एकत्र कुटुंबांत तान्ह्या मुलास हात लावण्यास दहा हात पुढें येतात. मातोश्री न्हाणीघरांत पाय लांब करून बसत आणि त्या पायांवर मुलास पालथें घालून तेल चोळीत, ऊन पाणी घालीत. वहिनी धुपाटणें आणीत. बंधु कचेरींतून येतांच त्यास खांद्यावर घालून गच्चींत नेत. आम्हीं हात पुढें केला कीं सर्वजण एकच वाक्य बोलत: "राहूं दे रे, तुझ्या हातून पडेल." त्यांत तिरस्काराचा लवलेशहि नव्हता, आणि म्हणूनच त्यास उत्तर सुचत नसे. असे तीन महिने गेले. मूल घरांतील प्रत्येकाच्या अंगाखांद्यावर वाढत होतें. आमच्याकडे मात्र तें पाळण्यांतून पाहत असे.

एके रात्रीं पत्नीस ताप भरला होता. मातोश्री गांवीं गेल्या होत्या, बंधु व वहिनी वरच्या मजल्यावर निजलीं होतीं. मूल रडूं लागलें. हांक मारावी कीं काय असा विचार मनांत आला. परंतु आम्हीं कॅलिपर सोडून ठेविलें, खाटेवरून जमिनीवर उतरलों, बसल्या बसल्या सरकत पाळण्यापर्यंत गेलों आणि पाळणा एका हातानें कलता धरून दुसऱ्या हातानें मूल मांडीवर ओढून घेतलें. तें रडावयाचें थांबलें. त्या रात्रीं आम्हांस एक साधा शोध लागला, तो असा, कीं जमिनीवर बसलेल्या माणसाच्या हातून मूल पडूं शकत नाहीं, कारण पडण्यास जागाच नसते.

दुसऱ्या दिवसापासून आम्हीं मुलाचा सारा संसार जमिनीवर मांडला. सतरंजी, तीवर दुपटें, हाताशीं लंगोटांची चळत, एका पसरट डब्यांत तेल, पावडर व कापूस. खाटेवर किंवा टेबलावर जें जें करितात तें तें सर्व जमिनीवर करितां येतें. आपल्या जुन्या घरांतून माणसें जमिनीवर जेवत, निजत, दळीत, निवडीत असत. ही राहणी अपंग माणसास एका दृष्टीनें अवघड, कारण खालीं बसल्यावर उठणें कठीण. परंतु तान्ह्या मुलाच्या बापास तीच उपकारक ठरली.

मूल घेऊन हिंडण्याचा प्रश्न याहून बिकट होता. कुबड्या घेतल्या कीं दोन्ही हात गुंततात. मातोश्रींच्या जुन्या लुगड्याची झोळी करून मूल छातीशीं बांधून आम्हीं एकदां कुबड्यांवर चालून पाहिलें. चार पावलांतच ध्यानांत आलें कीं हें साहस आहे; आमचा तोल गेला तर आम्ही मुलाच्या अंगावरच पडूं. तेव्हां नियम केला कीं कुबड्यांवर असतांना मूल कधींहि अंगावर घ्यावयाचें नाहीं. घरांत चाकाची खुर्ची वापरावयाची आणि झोळी तिच्यावर बसूनच बांधावयाची. ज्या कोणा वाचकाच्या घरीं असा प्रसंग असेल त्यानें एवढा नियम तरी पाळावा.

येथें एक नवल सांगितलें पाहिजे. मुलें आपल्या आईबापांची अडचण फार लवकर ओळखतात. आमचा चिरंजीव दहा महिन्यांचा असतांना वहिनींनीं उचललें कीं हातपाय झाडीत असे. पण आम्हीं हात पुढें केले कीं आपण होऊन जवळ सरकून गळ्यास घट्ट मिठी मारी व वर घेतलें जाईपर्यंत अगदीं निश्चळ राही. हें त्यास कोणीं शिकविलें नव्हतें. चालूं लागल्यावर त्यास दोनच गोष्टी शिकविल्या. रस्त्यावर खुर्चीच्या हातास हात लावून चालावयाचें. आणि "थांब" हा शब्द ऐकतांच असेल तेथें उभें राहावयाचें. पळून गेलेल्या मुलामागें आम्हांस धांवतां येत नाहीं. आमचा शब्दच धांवला पाहिजे. म्हणून तो शब्द आम्हीं थट्टेंत, खेळांत, किंवा उगाच रागावून कधींहि वापरला नाहीं.

अपंग आईची स्थिति याहून कठीण असते हें आम्ही जाणून आहों. बापानें मुलास आंघोळ घातली तर लोक कौतुक करितात. आईला तें जमलें नाहीं तर तिच्या आईपणाचाच हिशेब मागतात. आम्हांस लोक निदान "बिचारा" म्हणून सोडून देतात. आमच्या परिचयाच्या, पायांनीं अधू अशा एका भगिनीस मात्र प्रसूतिगृहांत, "हें सर्व निभावणार कोण?" असें तिच्या तोंडावर विचारण्यांत आलें. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचें 'चाकाची खुर्ची' हें आत्मचरित्र पुष्कळ वाचकांनीं वाचलें असेल. खुर्चीवर बसलेली स्त्री केवढें कार्य उभें करूं शकते हें महाराष्ट्रानें पाहिलें आहे. परंतु आपल्याच कुटुंबांतील सुनेच्या बाबतींत तें आपणांस आठवत नाहीं.

आतां घराकडे वळूं. घरांत फिरावयाचें तर पहिला शत्रु उंबरठा. देवघराचा, स्वयंपाकघराचा आणि न्हाणीघराचा असे तीन उंबरठे आमच्या घरीं होते. स्वयंपाकघराचा काढला; न्हाणीघरास पाणी अडविण्यापुरती बारीक उतरती कड ठेवली; देवघराच्या उंबरठ्यास मातोश्रींनीं हात लावूं दिला नाहीं, तेव्हां त्याच्या दोन्ही बाजूंस लांकडी उतरत्या फळ्या बसविल्या. दार तीन फूट रुंद असावें, खुर्ची वळविण्यास पांच फुटांचा मोकळा फेर असावा, संडासाचें दार बाहेर उघडणारें असावें, कारण आंत माणूस पडला तर आंत उघडणारें दार त्याच्याच अंगाला अडतें. भिंतीस धरावयाच्या दांड्या पक्क्या हव्यात. ह्या सर्वांस मिळून जो खर्च आला तो बंधूंच्या दिवाणखान्यांतील नव्या कोचाहून कमी होता.

खरी लढाई झाली ती इमारतीच्या दारांत. आमच्या इमारतीस प्रवेशाशीं तीन पायऱ्या आहेत. प्रत्येक सहा इंचांची, म्हणजे एकूण दीड फूट चढ. घरांतून निघालेला माणूस ह्या दीड फुटावर अडे, आणि दर वेळीं कोणास तरी खुर्ची धरण्यास बोलवावें लागे. उतरत्या वाटेचें शास्त्र अगदीं सोपें आहे. चढ एक तर लांबी बारा, असें प्रमाण ठेवितात. म्हणजे जितके इंच उंची, तितके फूट लांबी. अठरा इंचांस अठरा फूट. याहून आंखूड केली तर ती घसरगुंडी होते आणि चढणारास मागें लोटते. आम्हीं हें गृहसंस्थेच्या चालकांपुढें मांडलें. त्यांचें म्हणणें असें पडलें कीं अठरा फूट जागा दिली तर दोन दुचाक्या ठेवण्याची सोय जाते, आणि एका कुटुंबाकरितां सर्वांनीं गैरसोय कां सोसावी? ह्या प्रश्नावर दोन वर्षें गेलीं. शेवटीं भिंतीच्या कडेनें, मध्यें वळण घेऊन, वाट झाली. ती झाल्यावर पहिल्या महिन्यांत तिचा सर्वांत अधिक उपयोग कोणीं केला असेल? गॅसचीं नळकांडीं आणणारांनीं, बाबागाडी ढकलणाऱ्या आयांनीं, आणि गुडघ्याचें शस्त्रकर्म झालेल्या चालकांपैकींच एका गृहस्थांच्या सासूबाईंनीं. कोणीं कोणास टोमणा मारला नाहीं. तशी गरजहि उरली नाहीं.

घराबाहेरचें पुणें हें निराळें प्रकरण आहे. पदपथ आहेत, पण ते जेथें संपतात तेथें एक हात उंच कठडा लागतो. उतार असेल तर त्याच्या तोंडाशीं कोणाची तरी दुचाकी उभी असते. रिक्षांत आमची खुर्ची मिटूनहि मोठ्या मुष्किलीनें मावते. पर्वतीस चिरंजीव काकांबरोबर गेला. परत येऊन, "बाबा, एकशें तीन पायऱ्या आहेत, मी मोजल्या," असें त्यानें सांगितलें. तो आकडा आम्हांस लहानपणापासून ठाऊक होता, परंतु तो आम्हीं कधीं मोजलेला नव्हता. या उलट एक सुखाची गोष्ट सांगतों. ६ मार्च २०२२ रोजीं पुण्यांत मेट्रोचा पहिला टप्पा सुरूं झाला. पुढें एकदां वनाजच्या स्थानकावर उद्वाहनानें वर जाऊन, गाडीच्या दारांतून सरळ खुर्ची आंत नेऊन, आम्ही बापलेक गरवारे महाविद्यालयापर्यंत गेलों व परत आलों. काम कांहींच नव्हतें. कोणाचीहि मदत न मागतां मुलास घेऊन गांवांत जाणें, हें आमच्या आयुष्यांत त्या दिवशीं प्रथम घडलें.

आतां जी गोष्ट सांगावयाची ती सांगतांना मन थोडें जड होतें. चिरंजीव दुसऱ्या इयत्तेंत होता. एके दिवशीं त्याच्या पुस्तकास नवें वेष्टण घालावें म्हणून आम्हीं जुनें कागद काढूं लागलों, तों आंतून घडी केलेल्या तीन चिठ्ठ्या पडल्या. तिन्ही शाळेच्या पालकसभेच्या होत्या. शनिवार, दहा वाजतां, तिसरा मजला. शाळेस उद्वाहन नाहीं. आम्हीं त्यास जवळ बोलावून विचारलें, "ह्या चिठ्ठ्या घरीं कां दाखविल्या नाहींस?" तो बराच वेळ बोलला नाहीं. मग म्हणाला, "बाबा, तिथं खूप जिने आहेत. तूं आला असतास तर सगळ्यांच्या समोर बसत बसत चढला असतास. आणि आला नसतास तर तुला वाईट वाटलं असतं."

जिना चढण्याची आमची रीत त्यानें घरीं पाहिली होती. पायरीवर पाठ करून बसावयाचें, हातांवर भार देऊन एकेक पायरी वर सरकावयाचें. घरांत त्यास त्यांत कांहीं वावगें वाटत नव्हतें. परंतु आठ वर्षांच्याहि आंतल्या मुलानें बापाची आबरू राखण्यासाठीं तीन वेळां चिठ्ठी लपविली, ही गोष्ट आम्हांस कित्येक दिवस झोंप येऊं देईना. शाळेनें करावयाचा विचार, समाजानें करावयाचा विचार, तो त्या पोरानें आपल्या डोक्यावर घेतला होता.

आम्हीं शाळेस पत्र लिहिलें. उत्तर नम्र होतें: सभेस मातोश्री, म्हणजे मुलाची आई, आली तरी चालेल, वडिलांनीं त्रास घेऊं नये. पुनः लिहिलें, कीं आम्ही उद्वाहन मागत नाहीं, केवळ खोली बदलून मागतों. तळमजल्यावरची चित्रकलेची खोली शनिवारीं रिकामीच असते. त्यावर उत्तर आलें नाहीं. तेव्हां बंधूंनीं सुचविलें कीं एकट्याची सही कशाला? त्यांनीं व वहिनींनीं चार घरीं जाऊन चौकशी केली, तों एका मुलीची आजी गुडघ्यांमुळें येत नसे, एका मुलाची आई दिवस गेल्यामुळें येत नसे, एका गृहस्थांचा पाय प्लॅस्टरमध्यें होता. सात सह्यांचें पत्र गेलें आणि पुढची सभा चित्रकलेच्या खोलींत भरली. त्यापुढची पुनः तिसऱ्या मजल्यावर जाहीर झाली. द्वेषानें नव्हे, संवयीनें. पुनः सांगावें लागलें. आतां चिठ्ठीवर 'तळमजला' असें छापून येतें, आणि चिरंजीव ती दारांतूनच ओरडत आणतो.

गेल्या वैशाखांत त्याची मुंज झाली. तेव्हां पुनः तोच प्रश्न निराळ्या वेषानें पुढें आला. घरांत विचार झाला कीं मुंज थोरल्या बंधूंनीं लावावी. पाटावर मांडी घालून दोन तास बसणें आम्हांस शक्य नाहीं. कार्यालयास सात पायऱ्या, आंत मंचास आणखी चार. मातोश्री म्हणाल्या, "चारचौघांत तुझे हाल नकोत रे." बंधूंच्या मनांत आमच्याविषयीं जी माया आहे तींत संशयास जागा नाहीं, आणि आम्हीहि जवळ जवळ रुकार दिला होता. मंचावर आम्हांस खुर्चीसकट उचलून न्यावें अशीहि एक सूचना होती. परंतु मूर्तीप्रमाणें चौघांच्या खांद्यावरून मुलाच्या मुंजीस जाण्यास आमचें मन धजेना.

यादी करण्यास उपाध्याय आले तेव्हां त्यांच्या कानावर हें गेलें. ते वयस्क आहेत व मोजकें बोलतात. म्हणाले, "उपनयनाचा पहिला अधिकार पित्याचा. पिता नसेल किंवा असमर्थ असेल तर पितामह, मग पितृव्य. तुम्ही असमर्थ आहांत काय, एवढें मला सांगा." आम्हीं म्हटलें, "मांडी घालतां येत नाहीं." ते म्हणाले, "तें मी विचारलें नाहीं." मग त्यांनींच सांगितलें कीं पाटाऐवजीं चौरंग चालेल, पाय पुढें लांब राहिला तरी चालेल, आणि मुंज मंचावर लावावी असें कोणत्याहि ग्रंथांत नाहीं. बंधूंनीं दुसरें कार्यालय पाहिलें, ज्याच्या दारांत दोनच पायऱ्या होत्या. तेवढ्यांस बारा फुटांची लांकडी वाट मांडववाल्यानें एका सकाळींत करून दिली. मुंज मंचासमोर खालीं सभागृहांत लागली. मंच फुलांनीं सजलेला तसाच रिकामा राहिला, याचें कार्यालयाच्या व्यवस्थापकांस थोडें वाईट वाटलें. आलेल्या वृद्ध मंडळींस मात्र सर्व जवळून दिसलें.

गायत्रीचा उपदेश करतेवेळीं पितापुत्रांवर वस्त्र धरितात. त्या वस्त्राखालीं चिरंजीवानें हळूच विचारलें, "बाबा, पाय दुखतोय का?" आम्हीं म्हटलें, "नाहीं. आतां ऐक." आणि पुढचे विधि यथासांग झाले.

येथें एक सावधगिरीची सूचना करावीशी वाटते. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांना १९२१ सालीं, वयाच्या ३९ व्या वर्षीं, पांच मुलांचे पिते असतांना, आजारानें गांठलें व त्यांचे पाय गेले. पोलिओ म्हणूनच तो आजार प्रसिद्ध आहे. १९२४ च्या जून महिन्यांत न्यूयॉर्क येथील पक्षाच्या अधिवेशनांत ते भाषणास आले ते आपल्या १६ वर्षांच्या जेम्स ह्या पुत्राच्या दंडाचा आधार घेऊन. हें चित्र हृद्य आहे. परंतु अपंग बापांनीं त्यावर थोडा विचार करावा. मुलाचा हात एखाद्या दिवशीं आधारास घेणें वेगळें आणि मुलास रोजची कुबडी करणें वेगळें. आमचा चिरंजीव पाण्याचा तांब्या आणून देतो, खालीं पडलेली कुबडी उचलून देतो. एवढें प्रत्येक घरांतील मुलानें करावेंच. पण त्यास खेळावरून बोलावून खुर्ची ढकलावयास लावणें, किंवा "तूं बाबांची काठी हो हं" असें पाहुण्यांनीं त्यास सांगणें, हें आम्हीं घरांत बंद केलें आहे. त्यानें चिठ्ठ्या लपविल्या त्या दिवसापासून तर अधिकच. जेथें एक उतरती फळी पुरेल तेथें मुलाचा खांदा वापरूं नये.

आतां कायद्याविषयीं दोन शब्द. आपल्या देशांत अपंगांसाठीं १९९५ चा कायदा होता. त्याच्या जागीं २०१६ चा कायदा आला व १९ एप्रिल २०१७ पासून अमलांत आहे. जुन्यांत अपंगत्वाचे सात प्रकार होते, नव्यांत एकवीस आहेत. हल्लीं सरकारी कागदोपत्रीं 'दिव्यांग' हा शब्द रूढ झाला आहे. शब्दास आमची हरकत नाहीं, मात्र त्यानें पायरीची उंची कमी होत नाहीं. नव्या कायद्याच्या ४५ व्या कलमाप्रमाणें, नियम जाहीर झाल्यापासून पांच वर्षांत अस्तित्वांतील सार्वजनिक इमारती सुगम व्हावयाच्या होत्या. नियम जून २०१७ मध्यें निघाले, म्हणजे मुदत २०२२ मध्येंच सरली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें राजीव रातुरी यांच्या खटल्यांत असा निर्णय दिला कीं सुगमतेचे मानदंड हे केवळ मार्गदर्शक असून चालणार नाहींत, ते सक्तीचे असले पाहिजेत. आणि तसे नियम करण्यास सरकारला तीन महिन्यांची मुदत दिली.

परंतु ह्या सर्वांत पालक कोठें आहे? शाळेविषयींचीं कलमें अपंग विद्यार्थ्यास अनुलक्षून आहेत. त्या विद्यार्थ्याचा बाप अपंग असेल ही कल्पना त्यांत दिसत नाहीं. अपंग स्त्रीस मुलांच्या संगोपनासाठीं साहाय्य द्यावें असें २४ व्या कलमांत आहे, ही समाधानाची गोष्ट होय. संयुक्त राष्ट्रांचा २००६ चा जो करार भारतानें १ ऑक्टोबर २००७ रोजीं मान्य केला, त्याचें २३ वें कलम अधिक स्पष्ट आहे: मुलें वाढविण्याच्या कामीं अपंगांस राष्ट्रांनीं योग्य तें साहाय्य करावें, आणि आईबापांच्या अपंगत्वाच्या कारणावरून मुलास त्यांच्यापासून कधींहि वेगळें करूं नये. शेवटचें वाक्य वाचतांना आम्हांस ते पहिले तीन महिने आठवतात. आमचें मूल आमच्यापासून कोणा न्यायालयानें वेगळें केलें नव्हतें. "राहूं दे रे" एवढ्या तीन शब्दांनींच तें झालें होतें.

म्हणून एकत्र कुटुंबांतील वडील मंडळींस आमची विनंति अशी आहे. आपल्या घरीं असा मुलगा किंवा सून असेल तर मूल त्यांच्या हातून घेण्यापूर्वीं त्यांस विचारावें. काम करून देण्याऐवजीं काम करितां येईल अशी जागा करून द्यावी. समारंभाचें स्थळ ठरवितांना आचाऱ्याची चौकशी करण्यापूर्वीं पायऱ्यांची करावी. आणि "त्यांना त्रास नको" म्हणून त्यांचा मान दुसऱ्यास देऊं नये. त्रास किती सोसावयाचा हें त्यांचें त्यांना ठरवूं द्यावें.

आमच्या इमारतीच्या त्या तीन पायऱ्या अजून आहेत, त्यांच्या शेजारून उतरती वाट जाते. मातोश्रींचें वय आतां ७८ आहे. गेल्या पावसाळ्यापासून त्याहि त्या वाटेनेंच येतात जातात, आणि कठड्यास हात लावून, "ही बरी केलीत रे," असें दर वेळीं म्हणतात. वाचकांनीं हा अंक खालीं ठेविल्यावर एकदां आपल्या दाराशीं जावें, पायऱ्या मोजाव्या, त्यांची उंची इंचांत मापावी, आणि तितके फूट जागा कोणत्या बाजूस निघेल तें पाहावें. ती आज कोणास लागणार नाहीं असें वाटलें तरी पाहून ठेवावी.